सुबत्ता आपोआप कुणाच्या दारी येत नाही

डहाणू-तलासरी भागात हल्ली एक नवे कीर्तन रंगात आले आहे. बुवा निरनिराळे, पण आख्यान एकच. बंदर होणार, वेगवान आगगाडी धावणार, रुंद रस्ता येणार, पैशाचा पूर लोटणार, आणि त्या पुरात आमचे वारली, कोकणा, धोडिया, मांगेले, भंडारी, कुंभार, सुतार सगळे आपसूक पैलतीरास लागणार! दाखला म्हणून अमेरिकेचे नाव घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात पैसा आला, घरोघर मोटार आली आणि पैशाच्या पाठोपाठ समाजही सुधारला. तसेच येथे होईल, तुम्ही तेवढी जमीन द्या आणि उगे राहा, असे या कीर्तनाचे पालुपद आहे. ऐकणाऱ्यांत आमच्या हाताखाली शिकून गेलेली पोरेही माना डोलावताना दिसतात. म्हणून या आख्यानाचा झाडा घेणे आम्हां शाळामास्तरांस भाग पडले आहे.

अमेरिका आमच्या परंपरेस परकी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक छापले, तेव्हा ते अमेरिकेतील ज्या सज्जनांनी तेथील हबशी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली त्यांस अर्पण केले. पुढे डॉ. आंबेडकर १९१३ साली त्याच देशात शिकावयास गेले. तेव्हा अमेरिकेचा दाखला निघाला तर आम्हांस आनंदच आहे. पण दाखला द्यावयाचा तर पुरता द्यावा. अर्धा मंत्र पुटपुटून पुरी दक्षिणा उपटण्याची विद्या जुन्या भिक्षुकांची. ती आता नव्या भिक्षुकांनी उचललेली दिसते. अर्धा मंत्र त्यांनी म्हटला आहे, उरलेला आम्ही म्हणतो.

युद्ध संपले आणि अमेरिकेत सुबत्ता आली, हे खरे आहे. परत आलेल्या शिपायांस शिक्षणासाठी आणि घरासाठी सरकारने १९४४ च्या कायद्याने मदत दिली. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाची वसाहत १९४७ पासून उभी राहू लागली आणि चार-पाच वर्षांत तेथे सतरा हजारांवर घरे झाली. १९५० साली दहांतील एका घरीही पुरता दूरचित्रवाणी संच नव्हता; १९६० साली दहांपैकी जवळजवळ नऊ घरांत तो बोलू लागला. मोटारी वाढल्या, त्यांच्यासाठी १९५६ साली देशभर रुंद रस्त्यांचा कायदा झाला. हप्त्याने वस्तू घेण्याची चाल पडली, तरुणांचे गाणे बदलले, पोशाख बदलला. येथवर बुवांचे आख्यान बिनचूक आहे.

आता पुढचे ऐका. त्या लेव्हिटटाउनच्या भाडेपट्ट्यातच लिहिलेले होते की, गोऱ्याखेरीज दुसऱ्याने या घरांत राहू नये. चाकर म्हणून राहिला तर चालेल! शिपायांस कर्ज मिळण्याची हमी कायद्याने सर्वांस दिली, पण कर्ज देणारी पेढी गोऱ्यांची. मिसिसिपी प्रांतात १९४७ साली अशी ३,२२९ कर्जे मोजली गेली, त्यांतील काळ्या शिपायांच्या वाट्यास किती आली असतील? दोन! युद्धात गोळी लागताना कातडीचा रंग कोणी विचारला नव्हता. घर मागावयास गेल्यावर मात्र विचारला.

आणि दक्षिणेकडील कापसाच्या रानात काय होते? गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण जमीन धन्याचीच राहिली. काळे कुटुंब त्या जमिनीत राबे आणि निम्मे पीक धन्यास देई. बी धन्याचे, अवजार धन्याचे, किराणा धन्याच्याच दुकानातून उधारीवर, आणि वर्षाअखेरचा हिशेब धन्याच्याच वहीत. त्या वहीत कुळाकडे बाकी निघावयाचीच. बाकी फिटेपर्यंत गाव सोडता येत नसे. वाचकहो, ही कापसाची गोष्ट वाचताना तुम्हांस भाताचे खळे दिसू लागले असेल, तर त्यात तुमची चूक नाही. सावकाराची वही जगात सर्वत्र एकाच लिपीत लिहिली जाते.

मग त्या देशात काळ्या माणसास न्याय मिळू लागला तो कशाने? मोटारीने? दूरचित्रवाणीने? शाळांतील काळा-गोरा भेद बेकायदा असल्याचा निकाल १९५४ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने दिला, तोही काळ्या आईबापांनी वर्षानुवर्षे खटले लढविले तेव्हा. १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने बसमधील आपली जागा गोऱ्यासाठी सोडण्याचे नाकारले. तिला पकडले. त्यावर शहरातील सगळ्या काळ्या लोकांनी बसवरच बहिष्कार घातला. धुणी धुणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बाया मैल मैल पायी चालल्या. बसचे उतारू शंभरांतील पाऊणशे काळेच, त्यामुळे बसचा धंदा बसला. ३८१ दिवस हे चालले, तेव्हा कोठे १९५६ च्या अखेरीस भेद मोडला. सुबत्ता दहा वर्षे नांदत होती, पण तिने बसमधील एक बाकडेही आपण होऊन मोकळे केले नाही. ते मोकळे केले एका शिंपिणीने आणि हजारो मोलकरणींनी.

हा झाला अमेरिकेचा उरलेला अर्धा मंत्र. आता आम्ही अशी गोष्ट सांगतो की, ती या कीर्तनकारांस ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून सोयीची नाही. माँटगोमेरीच्या दहा वर्षे आधी हाच धडा जगास आमच्या तलासरीने दिला आहे!

लढाईच्या दिवसांत आमच्याही भागात पैसा आलाच होता. मुंबईच्या तबेल्यांस येथले गवत जाई, वखारींस येथले लाकूड जाई. लढाईने दोहोंचे भाव चढले आणि जंगलाचे ठेकेदार व जमीनदार गब्बर झाले. त्यांत भटजी होते, शेटजी होते, पारशी होते, मुसलमानही होते. आदिवासीस लुबाडताना कोणाचा धर्म आड आला नाही. पण गवत कापणाऱ्याच्या पदरी काय पडले? युद्धाच्या तोंडावर सिमिंग्टन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने या जंगलपट्टीची चौकशी केली. तो काही लाल बावट्याचा माणूस नव्हता. त्याने लिहून ठेवले की, खंडाने जमीन करणाऱ्या कुळास मालक वाटेल तेव्हा वेठीस धरतो आणि बदल्यात फार तर एक आणा देतो. बहुधा एका माणसाच्या एका जेवणापुरता तांदूळच. आपले भात शेतात उभे असताना आधी धन्याचे कापावे, असा रिवाज होता. आणि ज्याने लग्नासाठी कर्ज काढले तो लग्नगडी झाला: कर्ज फिटेपर्यंत तो धन्याच्या घरी राबणार, बायकोही राबणार, आणि कर्ज फिटले की नाही हे धनी ठरविणार. बाजारात भाव चौपट होवोत की दसपट, लग्नगड्याच्या कर्जाचा आकडा काही त्याने उतरत नव्हता.

मग हे मोडले कोणी? १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तेथे उंबरगाव तालुक्यातील काही वारली गेले होते. तलासरी तेव्हा त्याच तालुक्यात होती. त्यांनी आपले गाऱ्हाणे हजारोंपुढे उभे राहून सांगितले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी सुमारे ५,००० आदिवासी जमले आणि ठराव झाला: यापुढे वेठ नाही, लग्नगडी नाही, रोख मजुरीवाचून धन्याच्या शेतात पाऊल नाही. पाच हजार माणसांनी एकदम मान ताठ केली आणि त्या पावसाळ्यात पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ बसली ती बसलीच. लग्नगडी मोकळे झाले. ना सरकारने नवा कायदा केला होता, ना कोणा शेटजीस देवाने दृष्टांत दिला होता.

त्याच हंगामात गवताचा संप झाला. मागणी साधी होती: पाचशे रत्तल गवत कापण्यास अडीच रुपये. ज्या गवताने मुंबईत पैसा केला, त्याच्या कापणीचा हा दाम! यावर मालकांनी एक कट रचला. तुमच्या गोदावरीबाईंच्या जिवावर कोणी उठले आहे, धावून या, अशी हूल आदिवासींत उठविली. आणि सरकारला सांगितले की आदिवासी दंगा करावयास जमत आहेत. १९४५ च्या ऑक्टोबरात तलवाडा येथे हजारोंच्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण धारातीर्थी पडले. पण संप मोडला नाही. पुढच्या वर्षी जंगलकामासाठी रोजी किमान सव्वा रुपयाची मागणी पुढे आली. तेव्हा सत्तेवर आपलेच लोकनियुक्त मंत्रिमंडळ होते. त्याने मालकांस वठणीवर आणण्याऐवजी गोदावरी परुळेकरांस जिल्ह्यातून हद्दपार केले. तरीही लाकूडवाल्या व्यापाऱ्यांस अखेर मजुरांशी बोलणे करावे लागले.

येथे आमचा एखादा वाचक हळूच विचारील, “मास्तर, गोदावरीबाई तर माहेरच्या गोखले!” होय, होत्या. पुण्याच्या सुखवस्तू ब्राह्मण घरातील ती वकील मुलगी वारल्यांच्या झोपड्यांत त्यांची अंबील पिऊन राहिली. आमचे भांडण जानव्याशी नाही, जानव्याच्या आडून चालणाऱ्या वहीशी आहे. ज्याने ती वही फाडली तो आमचा. ज्याने लिहिली तो आमच्या जातीचा असला तरी आमचा नव्हे.

या एका दशकात आमच्या भागाचे रूप जेवढे पालटले, तेवढे आधीच्या शंभर वर्षांत पालटले नव्हते. १९४८ साली कूळकायदा झाला आणि खंडास पिकाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याची मर्यादा पडली. १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा दिवस कूळ मालक होण्याचा ठरला. १९४५ च्या अखेरीस ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीस होत्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली, तिचे नाव अंगणवाडी. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरविली. आज देशभर गावोगाव अंगणवाडी आहे. तो शब्द आमच्या डहाणू तालुक्यातला आहे, हे किती जणांस ठाऊक आहे? मोटार आणि दूरचित्रवाणी यांस जे समाजाची सुधारणा म्हणतात, त्यांस आम्ही विचारतो की, वेठीचा माणूस मजूर होणे, कुळाचा मालक होणे आणि गुराख्याच्या हातात पाटी येणे, याहून मोठी सुधारणा कोणती?

पण आम्ही आमच्याच दशकाचीही आरती ओवाळणार नाही. कायदा कागद पाहतो, आणि कागद असतो तलाठ्याच्या दप्तरात. ज्यांचे कूळपण तोंडी होते, खंडाची पावती ज्यांस कधी मिळाली नव्हती, त्यांतील कित्येकांची नावे सात-बाऱ्यावर चढलीच नाहीत. कोणी राजीनाम्यावर अंगठा उठविला, कोणाची जमीन पुढे मिठाच्या भावाने गेली. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ साली वेगळा कायदा करावा लागला, यातच सर्व आले. म्हणजे झरीने मनगट दिले, पण पुरती अक्षरे आम्ही दिली नव्हती. मनगटास अक्षराची जोड नसेल, तर रणात जिंकलेले कचेरीत हरते.

आता आजच्या आख्यानाकडे वळू. वाढवण बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली; खर्च ७६,२२० कोटी रुपये. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणीही झाली. सुमारे १२ लाख लोकांस रोजगार मिळेल, असे सरकार सांगते. याच डहाणूस १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून संरक्षण दिले होते. वाढवणला पूर्वी एकदा बंदर घाटले होते, ते १९९८ साली तालुक्याच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाकारले. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली नव्या बंदरास होकार दिला. समुद्र तोच, मासा तोच, फक्त मत बदलले! मांगेल्याची होडी जेथे जाते तेथे भराव पडणार. वाढवण-वरोर-चिंचणीच्या घरोघरी सोनारांसाठी साचे कोरणारे डायमेकर आहेत. त्या बारीक हातांचे काय होणार, हे कोणी बोलत नाही. तलासरी-डहाणूतून वेगवान आगगाडीचा मार्ग गेला, मुंबई-बडोदे रस्ता गेला, आणि जमिनी गेल्या त्या गेल्याच.

कोणी म्हणेल, “तुम्ही प्रगतीचे वैरी, पोरांनी जन्मभर उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत कंत्राटावरच मरावे काय?” मुळीच नाही. पोरांना पक्की नोकरी मिळावी म्हणून तर हा लेख. बारा लाखांत आमचे किती, ते आधी लिहून द्या. पहाऱ्याची काठी आणि पाट्या वाहण्याचे काम आमचे, यंत्रावरची खुर्ची दुसऱ्याची, असा हिशेब असेल तर ती लेव्हिटटाउनचीच गोष्ट झाली: चाकर म्हणून राहा, घरधनी म्हणून नको. बंदर हवे की नको याचा निर्णय भाषणांनी होत नसतो. त्याचा मोबदला कोण देतो आणि लाभ कोण घेतो, यावर तो ठरावा. आणि आज देणारा एक व घेणारा दुसराच दिसत आहे.

आता चार शब्द आपल्याच माणसांस. राग आला तरी चालेल. जुना लग्नगडी १९४५ साली सुटला. पण आज लग्नात डीजे वाजविण्यासाठी, नवऱ्यास हप्त्याने मोटारसायकल घेण्यासाठी जे आठवड्याच्या वसुलीचे कर्ज उचलता, ती नव्या लग्नगड्याची दावणी नव्हे तर काय? अमेरिकेची बाकीची सुधारणा राहिली दूर, हप्ता तेवढा आधी आला. बाबांनो, सत्यशोधकांनी १८७३ साली भटावाचून लग्न लावले, तेव्हा केवढा गहजब झाला! वारल्यांत तर वाडवडिलांपासून धवलेरी लग्न लावते, सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, पालघट देवी बसते. ना भट, ना मुहूर्ताची दक्षिणा. गाठीस पैसा नसेल तर आधी संसार मांडावा आणि लग्न पुढे सवडीने करावे, यातही तुमच्या जमातीने कधी लाज मानली नाही. एवढा शहाणपणा घरचा असताना तो टाकून शेटजींच्या लग्नाची नक्कल कशाला? तोच चौक गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणून जगभर नेला आणि २०११ साली पद्मश्री मिळविली. आज ती चित्रे पिशव्यांवर, पेल्यांवर छापून कोण विकतो आणि पैसा कोणाच्या गल्ल्यात जातो, तेही जरा मोजा.

तर करावे काय? पहिली गोष्ट, ग्रामसभा. डहाणू आणि तलासरी ही अनुसूचित क्षेत्रे आहेत; १९९६ च्या पेसा कायद्याने जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेस विचारावे लागते. सभा भरते तेव्हा घरी झोपून राहू नका, आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. दुसरी, वनहक्क. २००६ च्या कायद्याखाली ज्यांचा दावा पडून आहे त्यांनी त्याची पोच, नकाशा आणि ठरावाची नक्कल घरी ठेवावी. फेटाळला असेल तर लेखी कारण मागून अपील करावे. तिसरी, सात-बारा. वर्षातून एकदा तो काढून घरातील शाळेत जाणाऱ्या पोरीकडून मोठ्याने वाचून घ्या. कोणाचे नाव आत शिरले, कोणाचे निघाले, हे तिला समजले पाहिजे. चौथी, शिक्षण. बंदरात खुर्ची हवी असेल तर मुलास आठवीत वीटभट्टीवर नेऊ नका. आणि पाचवी, एकी. मांगेला समुद्रावर एकटा, वारली डोंगरात एकटा, डायमेकर आपल्या ऐरणीवर एकटा, अशी तीन तोंडे तीन दिशांस राहिली तर नव्या मालकांस कट रचण्याचेही श्रम पडणार नाहीत.

पैसा येतो तेव्हा तो आधीच भरलेल्या रांजणाकडे वाहतो, कारण उतार तिकडेच काढून ठेवलेला असतो. आपल्या शेताकडे पाट काढावयाचा तर कुदळ आपणच उचलली पाहिजे. माँटगोमेरीच्या मोलकरणींनी ती १९५५ साली उचलली. झरीच्या वारल्यांनी १९४५ साली. तेव्हा यापुढे कोणी अमेरिकेचे कीर्तन लावील, त्यास आदराने बसवून घ्या, पाणी द्या, आणि विचारा: बुवा, झरी गाव पाहिले आहे काय?